अचूक लिहिणे हीसुद्धा सेवाच

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आरोग्य शिबिरांचा अहवाल वाचीन अशी त्यांची अपेक्षा होती. अहवाल तुमच्या हातात छापील आहे, तो कृपया घरी नेऊन वाचा. मी आज दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. मधुमेहावर जी वैद्यकीय नियतकालिके निघतात, त्यांचे संपादक काय काम करतात आणि त्या कामाचा सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याशी काय संबंध असतो, हा माझा विषय. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण समाजकार्याचे आणि ईशज्ञानाच्या पदविकेचे. तरीही हा विषय घेतला, कारण त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून झाली.

काही वर्षांपूर्वी आपण मधुमेहाविषयी दोन पानांचे एक मराठी पत्रक छापले. मूळ मजकूर इंग्रजी होता, एका शहरी कार्यशाळेत मिळालेला. मी त्याचे भाषांतर केले, संपादनही मीच केले. शुद्धलेखन तीनदा तपासले. त्यात ठळक अक्षरांत अशा सूचना होत्या: वजन कमी करा, भात-भाकरी निम्म्यावर आणा, रोज अर्धा तास चाला. हजार प्रती काढल्या आणि शिबिरांतून वाटल्या. छपाई छान झाली म्हणून माझे कौतुकही झाले.

त्याच वर्षी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा बाविशीचा एक तरुण आमच्या शिबिरात आला. दिवाळीनंतर तो बायकोबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला होता आणि मुकादमाची उचल फिटायच्या आधीच परत आला होता. सारखी तहान, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणे, अंगातली ताकद गेलेली. वजन चाळीस किलोच्या आत. घरच्यांना क्षय वाटला होता, थुंकी तपासली तर त्यात काही निघाले नाही. आमच्या नर्सताईंनी बोटातून थेंब घेतला. ग्लुकोमीटरवर चारशेच्या वरचा आकडा आला. त्याच दिवशी त्याला रुग्णालयात पाठवले, तिथे इन्सुलिन सुरू झाले. घरी परतताना मी त्याच्या हातात आपले पत्रक दिले.

त्याची बायको सातवी शिकलेली. तिने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि दोघांनी लिहिल्याप्रमाणे केले. तीन भाकरींच्या जागी दीड भाकरी. इन्सुलिनचा डोस मात्र पूर्वीइतकाच. तिसऱ्या आठवड्यात शेतात काम करताना त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. पाड्यावरच्या आशाताई जवळच होत्या. तो अजून गिळू शकत होता, म्हणून त्यांनी त्याला गुळाचे पाणी पाजले. देवाची कृपा, तो वाचला. पूर्ण बेशुद्ध झाला असता तर तोंडात काही ओतताही आले नसते, कारण ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी फक्त रुग्णालयाकडे धावायचे असते, आणि तिथून रुग्णालय दोन डोंगर पलीकडे आहे.

मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या बायकोने पत्र्याच्या पेटीतून ते पत्रक काढले. नीट घडी घालून ठेवले होते. ती म्हणाली, “ताई, कागदात लिहिलं होतं तसंच केलं आम्ही.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपले काही चुकले का, एवढेच ती विचारत होती. बंधुभगिनींनो, त्या दिवशी माझ्याजवळ तिला द्यायला उत्तर नव्हते.

पुढे आमच्या ओळखीच्या एका मिशन रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी ही हकिकत सांगितली. ते म्हणाले, “पत्रक चूक नव्हतं, ते दुसऱ्याच माणसासाठी लिहिलेलं होतं.” शहरात वजन वाढल्यावर, पोट सुटल्यावर जो मधुमेह होतो, त्याला आपण टाईप २ म्हणतो. त्या माणसासाठी त्या सूचना बरोबर होत्या. पण हाडे दिसणाऱ्या, पोटभर न जेवलेल्या तरुणाला होणारा मधुमेह वेगळाही असू शकतो. मग त्यांनी मला त्या मधुमेहाचा इतिहास सांगितला. तो ऐकून माझे डोळे उघडले.

१९५५ साली जमैका बेटावर ह्यू-जोन्स नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन लॅन्सेट या नियतकालिकात छापले. माणसे कृश होती, तरुण होती आणि त्यांचा मधुमेह तेव्हाच्या कोणत्याच चौकटीत नीट बसत नव्हता. नंतर आशिया व आफ्रिकेतल्या गरीब भागांतून, आपल्या भारतातूनही, अशीच वर्णने येत गेली. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी निगडित मधुमेह म्हणून त्याचा स्वतंत्र वर्ग केला. १९९९ साली मात्र पुरावा पुरेसा नाही म्हणून तो वर्ग यादीतून काढून टाकला.

आजार काही कमी झाला नव्हता. रुग्ण येतच होते. फक्त यादीतली ओळ गेली. ओळ गेली की पाठ्यपुस्तकात धडा राहत नाही, संशोधनाला पैसा मिळत नाही, तरुण डॉक्टरांना तो आजार शिकवला जात नाही. समोर कृश रुग्ण आला की टाईप १ किंवा टाईप २ यांपैकी एक शिक्का बसतो आणि औषध त्या शिक्क्याप्रमाणे दिले जाते.

ती ओळ परत आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांत एक नाव आपल्या सर्वांच्या प्रार्थनेतले आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्यातून ते उभे राहिले. तिथल्या डॉ. निहाल थॉमस यांच्या विभागाने न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाईन कॉलेज ऑफ मेडिसिनच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांच्याबरोबर अशा कृश रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. तो २०२२ साली डायबेटिस केअर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साध्या शब्दांत असा: या रुग्णांचे शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देते, पण त्यांचे स्वादुपिंड इन्सुलिनच कमी तयार करते. टाईप २ मध्ये शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, ही मोठी अडचण असते. इथे तसे नाही. टाईप १ मध्ये शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. इथे तेही नाही. म्हणून अशा माणसाला इन्सुलिन द्यायचे तर फार बेताने आणि पोटात अन्न आहे याची खात्री करून द्यावे लागते. डोस जरा जास्त झाला किंवा जेवण कमी पडले तर साखर एकदम खाली जाते. आमच्या तरुणाचे तेच झाले होते.

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या आजाराला टाईप ५ मधुमेह म्हणून मान्यता दिली. जगात असे दोन ते अडीच कोटी लोक असावेत असा महासंघाचा अंदाज आहे. तज्ज्ञांमधले मतभेद संपलेले नाहीत आणि आमच्या तरुणाला नेमका हाच प्रकार आहे असा दाखला मी देऊ शकत नाही. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण जमैकातल्या त्या लेखापासून या मान्यतेपर्यंत सत्तर वर्षे गेली, एवढे मात्र तुम्ही लक्षात ठेवा.

हे ऐकल्यावर मला प्रश्न पडला की नियतकालिकात काय छापायचे आणि काय नाही हे ठरवते कोण? डॉक्टरांनी मला संपादकाचे काम समजावून सांगितले. मला जेवढे उमजले तेवढे सांगते.

संशोधकाचा लेख आला की संपादक आधी स्वतः वाचतो. मग त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. त्यांना समीक्षक म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यांना या कामाचे पैसे मिळत नाहीत. ते खोट काढतात: किती माणसे तपासली? त्यांत बायका किती होत्या? गरीब किती? मधेच सोडून गेलेल्यांचे काय झाले? औषधाने कोणाला त्रास झाला तर तो लिहिला आहे की दडवला आहे? अभ्यासाला पैसा कोणी दिला? औषध बनवणाऱ्या कंपनीने दिला असेल तर तसे स्पष्ट छापावे लागते. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांनी समजून-उमजून संमती दिली होती का, नीतिमत्ता समितीची परवानगी होती का, औषधाच्या चाचणीची नोंद सुरू होण्याआधी झाली होती का, हेही तपासले जाते. आपल्या देशात अशा चाचण्यांची नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. आधी नोंद का? कारण नोंद नसेल तर चांगले निकाल छापायचे आणि वाईट निकाल कपाटात ठेवायचे, असे करता येते.

छापल्यानंतरही संपादकाची जबाबदारी संपत नाही. चूक सापडली तर दुरुस्ती छापायची. मोठी चूक असेल तर लेख मागे घेतल्याचे जाहीर करायचे, तेही सर्वांना दिसेल असे. आपल्या पत्रकाच्या बाबतीत मी हे केले का? नाही. उरलेल्या प्रती कपाटात होत्या आणि वाटलेल्या प्रती घरोघर होत्या.

हे ऐकताना मला लूकची आठवण झाली. प्रेषित पौल कलस्सैकरांस लिहिताना त्याचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून करतो. आणि आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी हा वैद्य काय सांगतो? ज्यांनी सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून त्याने गोष्टी जाणून घेतल्या, सगळे मुळापासून शोधले, क्रमवार लिहिले. कशासाठी? थियफिलाला जे शिकवले गेले ते खात्रीचे आहे हे त्याला कळावे म्हणून. ईशज्ञानाच्या वर्गात आम्ही या चार वचनांवर परीक्षेपुरते लिहिले होते. त्या तरुणाच्या झोपडीतून परत आल्यावर ती पुन्हा वाचली तेव्हा कळले की शोध घेऊन लिहिणे ही वैद्याची आणि विश्वासणाऱ्याची एकच जबाबदारी आहे. वाचणारा त्यावर विसंबून राहणार असतो.

आता दुसरा मुद्दा, भाषेचा. २०१७ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि मधुमेह शिक्षकांची तिथली संघटना यांनी मिळून मधुमेहाविषयी बोलताना-लिहिताना कोणती भाषा वापरावी याची एक दिशा ठरवली. तीही डायबेटिस केअरमध्येच छापली गेली. माणसाला ‘डायबेटिक’ म्हणून हाक मारू नका, तो मधुमेह असलेला माणूस आहे. ‘ऐकत नाही’, ‘पथ्य पाळत नाही’ असे शिक्के मारू नका, काय घडले ते लिहा. तसेच वैद्यकीय संशोधनाची जी नीती १९६४ साली हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात लिहिली गेली, तिची २०२४ साली नवी आवृत्ती निघाली. ज्यांच्यावर संशोधन होते त्यांना आता त्यात सहभागी म्हटले आहे. साठ वर्षांनी एक शब्द बदलला, पण त्यामागे माणसाकडे बघण्याची नजर बदलली आहे.

मी कार्यालयात जाऊन आपल्या जुन्या केसपेपरांवरचे माझे शेरे काढले. एका आजीबाईंच्या कागदावर मी लिहिले होते, ‘वारंवार सांगूनही गोळ्या घेत नाही, अज्ञान.’ नंतर त्यांच्या घरी गेले. गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांगितल्या होत्या. आजी दिवसातून एकदाच जेवत होत्या, म्हणून एकच गोळी घेत होत्या. त्यांनी सूचना अक्षरशः पाळली होती. अज्ञान कोणाचे होते, बंधुभगिनींनो?

येशूने बार्तीमयाला काय विचारले ते आठवा. आंधळा माणूस रस्त्याच्या कडेला बसून ओरडतो आहे, त्याला काय हवे ते सर्वांना दिसते. तरी प्रभू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. त्याच्याच तोंडून ऐकतो. मधुमेहाच्या नियतकालिकांतही आता हे होऊ लागले आहे. साखरेचा आकडा उतरला की संशोधक पूर्वी समाधान मानत. १९९५ साली वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, तिच्यात माणसाला विचारतात की या आजाराची भीती वाटते का, खाण्यावरून अपराधी वाटते का, या आजारात आपण एकटे पडलो असे वाटते का. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१४ पासून डॉक्टरांबरोबर रुग्णांनाही लेखांचे समीक्षक केले. ज्याच्या अंगात आजार आहे, त्याला लेख वाचून सांगता येते की यात आमची खरी अडचण आलेलीच नाही.

तिसरा मुद्दा आपल्या भागातल्या तपासणीचा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर किती साखर चिकटली हे ती तपासणी मोजते. सिकलसेल आजारात पेशी फार लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. साखर वाढलेली असते आणि कागद म्हणतो सर्व ठीक आहे. ज्यांना आजार नाही, पण सिकलसेलचा गुण आहे, त्यांच्यातही हा आकडा थोडा कमी येतो असे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. तो २०१७ साली तिथल्या जामा या नियतकालिकात आला. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल किती आहे हे मी तुम्हांला सांगायला नको. १ जुलै २०२३ पासून सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, अनेकांजवळ त्याची कार्डे आहेत. म्हणून आपल्या शिबिरात आता पहिला प्रश्न असतो की सिकलसेलची तपासणी झाली आहे का. झाली असेल तर कार्ड डॉक्टरांना दाखवायचे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर थेट तपासायची.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी भरतात, पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असे त्यांना दिसले. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी आपला आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या मित्राचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३. पण एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एका फोटोने जगभरच्या डॉक्टरांना सांगितले की तुमचे माप आम्हांला जसेच्या तसे लावू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांसाठी एकच पत्रक पुरेल असे मी समजत होते.

आता घरातले, म्हणजे मंडळीतले, एक नाजूक बोलते. आपल्या त्रैमासिकात आपण साक्षी छापतो. देव प्रार्थना ऐकतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मी त्याचीच साक्षीदार आहे. पण मागे एक साक्ष आपल्याकडे आली होती की प्रार्थनेनंतर अमक्या मुलीने इन्सुलिन सोडले आणि ती बरी आहे. मी चौकशी केली. ती मुलगी टाईप १ ची होती आणि इन्सुलिन सोडून तिला दोनच दिवस झाले होते. टाईप १ मध्ये इन्सुलिन बंद झाले तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. तिच्या आईवडिलांना समजावून त्याच दिवशी इन्सुलिन सुरू केले. ती साक्ष आपण छापली असती, तर ती वाचून दुसऱ्या कुठल्या घरात सिरिंज फेकली गेली असती, कोण जाणे.

ते औषध आले कसे, तेही ऐका. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला पहिले इन्सुलिन दिले गेले. तोही हाडांचा सापळा झालेला मुलगा होता. ११ तारखेची पहिली सुई नीट लागू पडली नाही, कारण औषध पुरेसे शुद्ध नव्हते. कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि २३ तारखेला पुन्हा दिले तेव्हा साखर उतरली. त्या मार्चमध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला आणि जगाला कळले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपला हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. अशी देणगी देवाने माणसांच्या हातून दिली असताना ती नाकारणे म्हणजे विश्वास, असे आपण कोणाला शिकवू नये. गुडघे टेकून प्रार्थना करावी आणि उठून वेळेवर इन्सुलिन घ्यावे.

आमच्या पत्रकाचे पुढे काय झाले ते सांगून संपवते. आम्ही जुन्या प्रती परत गोळा केल्या. जिथे जिथे वाटल्या होत्या, तिथे नर्सताई आणि मी पुन्हा गेलो आणि सांगितले की यातली अमुक सूचना सर्वांसाठी नाही. लाज वाटली, पण लोकांनी चहा पाजला. मग नवा मजकूर लिहिला. दोन डॉक्टरांना दाखवला. त्यानंतर पाड्यावरच्या सात जणांना मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रत्येकाला विचारले की काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा. पहिल्या वाचनात निम्म्या गोष्टी उलट समजल्या होत्या. ‘उपाशीपोटी’ हा शब्द ऐकून एका बाईंना वाटले की तपासणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेवायचेच नाही. चार वेळा मजकूर बदलला.

नव्या पत्रकाची पहिली ओळ त्या तरुणाच्या बायकोने सुचवली आहे: आधी वजन करा, मग पुढचे वाचा. त्याखाली दोन रकाने आहेत. वजन जास्त असलेल्यांसाठी एक. कृश असलेल्यांसाठी दुसरा, आणि त्यात सांगितले आहे की जेवण कमी करू नका, जेवणाची वेळ चुकवू नका, इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नका, घाम व थरथर सुरू झाली की लगेच गूळ किंवा साखर खा, डोस डॉक्टरांना विचारूनच बदला. ऊसतोडीला जाताना औषध कसे न्यायचे हेही आहे. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली सावलीत, गारव्यात ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून आत छोटे मडके ठेवायचे आणि त्यात बाटली ठेवायची. हे आमच्या बायकांना शिकवावे लागले नाही, पाणी गार कसे ठेवायचे ते त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते.

तो तरुण आज बरा आहे. वजन सात किलोने वाढले आहे. गेल्या हंगामात तो ऊसतोडीला गेला नाही, घरच्या शेतात ज्वारी आणि मका केला. मुकादमाची उचल अजून फिटलेली नाही, ही काळजी आहेच.

तुमच्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांसाठी दान द्या. यंत्र एकदा घेतले की चालते, पट्टी दर वेळी नवी लागते, आणि पट्टी नसली की आम्ही अंदाजाने बोलतो. दुसरी, तुमच्यापैकी जे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आहेत त्यांनी आमचे मजकूर छापण्याआधी वाचून द्यावेत आणि खोट काढावी. गोड बोलू नये. तिसरी, आपल्या त्रैमासिकात आदिवासी बांधवांचा फोटो किंवा कहाणी येईल तेव्हा संपादकांना एकच प्रश्न विचारा: त्यांना विचारून छापले का? आज मी जे सांगितले ते त्या तरुणाला, त्याच्या बायकोला, आजीबाईंना आणि त्या मुलीच्या आईवडिलांना विचारूनच सांगितले आहे. आजी म्हणाल्या, सांग, पण माझे नाव नको. म्हणून या भाषणात एकाही रुग्णाचे नाव नाही.

आपण डोके लववू या.

हे कृपाळू स्वर्गीय पित्या, जे आजारी आहेत आणि ज्यांच्या आजाराला अजून कोणी नाव दिलेले नाही, त्यांना तू ओळखतोस. जे त्यांच्याविषयी शोध घेतात आणि लिहितात त्यांना खरेपणा दे. आम्हांला आमची चूक कबूल करण्याचे धैर्य दे, आणि ज्यांची सेवा करतो त्यांचे ऐकून घेण्याची नम्रता दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.